उतरण्याआधीचा एक फेरा

छत्रपती संभाजीनगर
जूनमधला रविवार

प्रिय तनुजा,

तू फोन उचलत नाहीस, त्याचा मला राग नाही. मीही तुझा नंबर लावून पहिली रिंग जायच्या आत कापलेला आहे. मग आवाजातच निरोप पाठवावा म्हणून गच्चीवर गेले, "तनू, मी अंबी बोलतेय" एवढं म्हटलं आणि तेही पुसून टाकलं. शेवटी कागद घेतला. शाळा सुटल्यापासून एवढं लांब मराठी मी लिहिलेलं नाही, तेव्हा कुठं अक्षर लागलं नाही तर थांबून वाच. घाईनं वाचण्यासारखं हे पत्र नाहीच.

आधी तुझ्या आईचं सांगते. काकू आता दोन्ही वेळा जेवायला लागल्यात. तुझे बाबा गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्या ताट पुढं ओढायच्या आणि काहीतरी विसरल्यासारख्या उठून जायच्या. आता भाजी निवडताना टीव्ही लावतात, पण आवाज बंद ठेवतात. कारण मी विचारलं नाही, मला ते माहीत आहे. सर हवेत असले की त्यांचा एक कान वर असायचा आणि लहान विमानाची घरघर घरावरून गेली की त्या कुकर लावायच्या. ती सवय मोडायला वेळ लागणार. परवा लासूर स्टेशनहून तुझे चुलते काकासाहेब आले होते, कांद्याची अर्धी गोणी घेऊन. "वहिनी, चार दिवस गावाकडं चला, शेतावर मन रमंल," म्हणाले. काकू म्हणाल्या, "मी गेले तर अंबिकेच्या डब्याचं काय?" मी जिन्यातच उभी होते. वर जाता येईना आणि खाली उतरता येईना. तनू, ज्या मुलीच्या हातात त्या दिवशी सरांचं विमान होतं तिच्या डब्यासाठी काकू गावी जात नाहीत, हे मी कुणाला सांगू?

मला तुमच्या घरी आणलं तेही सरांनीच. फ्लाइंग स्कूलमध्ये सगळे त्यांना कॅप्टन साबळे म्हणत. पैठणकडच्या मेंढपाळाची पोर शासनाच्या शिष्यवृत्तीवर आलीय आणि बसस्टँडजवळच्या लॉजवर राहतेय हे कळलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझी ट्रंक स्कूटरवर पुढं घेतली. दारात तूच होतीस. परीक्षा संपवून नोकरीची वाट बघत बसली होतीस आणि मला पाहून म्हणालीस, "बाबांनी आणखी एक उचलून आणलं वाटतं." मला राग आला होता. रात्रीच्या जेवणापर्यंत तो गेलाही. ते चार महिने आपण वरच्या खोलीत एकाच पंख्याखाली झोपलो, शहागंजातून बांगड्या आणि चोरून कबाब आणले. मग तू बंगळुरूला गेलीस आणि मी तुझ्या पलंगावर झोपायला लागले.

पहिल्या उड्डाणाच्या वेळी सर मला मुद्दाम नाथसागराच्या काठावर घेऊन गेले. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळपेरात आमची मेंढरं असतात. वरून ती सांडलेल्या तांदळासारखी दिसत होती. सर म्हणाले, "त्यातला तुझा बाप कोणता?" मी म्हटलं, "जो वर बघतोय तो." आणि खरंच एक ठिपका थांबून वर बघत होता. नंतर बाप मला म्हणाला, "मला वाटलं तू हात करशीन." मी केला होता. एवढ्या उंचीवरून केलेला हात दिसत नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही.

सरांनी शिकवलं ते मुख्यतः उतरायला. ते म्हणायचे, वर जाणं विमानाला आवडतं, ते आपसूक जातं, माणसाची गरज खाली येताना लागते. लहान विमानांच्या अपघातांचे फोटो ते भिंतीवर लावून दाखवत. मोडलेली चाकं, वाकलेले नाकावरचे पंखे, धावपट्टीच्या कडेला उताणं पडलेलं विमान. प्रत्येक फोटोपाशी एकच प्रश्न विचारत, "याला कसली घाई होती?" कुणाला अंधाराआधी पोचायचं होतं, कुणाला न उतरता परत फेरा मारायची लाज वाटली होती. उसळीबद्दल तर त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेत म्हणून दाखवलं असतं. वेग जास्त असताना विमान जमिनीवर टेकवायला गेलं की ते चेंडूसारखं उसळतं. घाबरलेला माणूस नाक खाली दाबतो. मग ते पुढच्या चाकावर आपटतं आणि आणखी उंच उसळतं. पुढच्या आपटीला ते चाक मोडतं, पंखा जमिनीत रुततो, विमान कोलांटी खातं आणि त्यातलं पेट्रोल आतल्या माणसांवर येतं. म्हणून दुसरी उसळी झाली की नाक दाबायचं नाही, इंजिनाचा दट्ट्या पूर्ण पुढं ढकलायचा आणि वर निघून जायचं. "वर जागा भरपूर आहे बेटा, खाली नाही." बेटा ते सगळ्यांनाच म्हणायचे.

सर गेले त्या दिवशी सकाळी धुळीनं हवा इतकी गढूळ होती की समोरचं दिसेना, म्हणून आमची पाळी दुपारवर गेली. हे मी तुला का सांगते, तर मी एकटीनं विमान उतरवलेलं होतं, पण ते पहाटेच्या शांत हवेत. मे महिन्यातली दुपार वेगळी. तापलेली जमीन विमानाला खालून ढुशा मारते, कडेनं वारा येतो, आणि चिकलठाण्याच्या धावपट्टीच्या बाजूला वावटळी उठत असतात. जेवताना सरांनी अर्धी भाकरी ठेवली. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "कालचं वांगं जळजळतंय जरा." पाण्यात सोडा टाकून प्यायले, ढेकर दिली आणि "बघ, गेलं" म्हणाले. काकू अजून त्या वांग्यापाशीच अडकल्यात. तू आलीस की त्यांना सांग, डॉक्टरांनी सांगितलंय, वांग्याचा काही संबंध नव्हता. माझं त्यांना खरं वाटत नाही.

आम्ही धरणापर्यंत गेलो, वळणं केली, सगळं नेहमीसारखं. परत फिरलो तेव्हा सर गप्प होते. ते गप्प असणं नवीन नव्हतं, चूक होईपर्यंत ते बोलत नसत. मग माझ्या कानावरच्या हेडफोनमध्ये त्यांचा श्वास मोठा ऐकू यायला लागला. मी बघितलं तर चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता आणि शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत भिजला होता. ते म्हणाले, "विमान तुझ्याकडं." मी म्हटलं, "सर, ते माझ्याकडंच आहे." ते म्हणाले, "नीट ऐक. आता पूर्ण तुझ्याकडं." आणि तनू, त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला आधी कळलंच नाही. त्यांनी पाय पायडलांवरून काढून पोटाशी घेतले, सीटखालची कळ ओढली आणि आपली सीट पूर्ण मागं सरकवली. खांद्याचा पट्टा आवळून घेतला. छातीत सुरी फिरत असताना त्यांनी पहिलं काम हे केलं की आपण शुद्ध हरपून पुढं कोसळलो तर आपलं अंग समोरच्या, माझ्याला जोडलेल्या सुकाणूवर पडू नये.

मी टॉवरला कळवलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना, बारका आणि सपाट. टॉवरवर एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही एकट्या उतरवू शकाल का?" मी हो म्हटलं. त्यांनी येणारं मोठं विमान लांबच घिरट्या घालत ठेवलं, धावपट्टी मोकळी केली, रुग्णवाहिका काढायला सांगितली आणि नंतर उगाच एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. खाली जालना रोड दिसत होता, ट्रकांची रांग, कारखान्यांचे पत्रे उन्हात चमकत होते. रोजचं सगळं. माझ्या शेजारी सर डोळे मिटून होते आणि त्यांचा उजवा हात डाव्या दंडाला धरून होता. मी दर थोड्या वेळानं "सर?" म्हणत होते आणि ते "हं" म्हणत होते. त्या एका "हं"साठी मी कान लावून बसले होते.

मला फक्त खाली यायचं होतं. वेग जास्त होता, मला दिसत होता. काटा जिथं असायला हवा त्याच्या बराच पुढं होता, आणि वारा उजवीकडून ढकलत होता. कुठल्याही दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून परत वर गेले असते. पण धावपट्टीच्या टोकाला रुग्णवाहिकेचा पांढरा ठोकळा उभा होता, आणि मी धावपट्टी बघायची सोडून त्या ठोकळ्याकडं बघत विमान खाली रेटलं. चाकं टेकली आणि विमान उसळलं. मी तेच केलं जे करायचं नाही. नाक दाबलं. विमान पुढच्या चाकावर आपटलं, खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, सरांच्या तोंडातून एक हुंकार निघाला, आणि विमान पहिल्यापेक्षा उंच उसळलं. काचेतून मला आधी नुसतं आभाळ दिसलं आणि मग नुसतं डांबर. मी जागची हलू शकले नाही. नंतर इंजिन ओरडलं, डांबर खाली गेलं आणि आम्ही पुन्हा वर होतो.

त्यानंतरच्या फेऱ्यातलं मी आत्ता लिहीत नाही. ते शेवटी लिहिते. आधी उतरणं लिहिते.

टॉवरच्या बाईंनी दुर्बिणीतून बघून सांगितलं की पुढचं चाक वाकडं झालंय, लोंबतंय. म्हणजे मागची दोन चाकं शाबूत होती आणि नाकाला आधार नव्हता. यातून एकच वाट असते. मागच्या चाकांवर टेकायचं आणि नाक जितका वेळ वर राहील तितका वेळ वर धरून ठेवायचं, वेग पार मरेपर्यंत. या वेळी मी काट्याकडं बघितलं, रुग्णवाहिकेकडं नाही. वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली घेतला. मागचं उजवं चाक टेकलं, मग डावं. नाक वर होतं. मी सुकाणू पोटात घेतलं, दोन्ही हातांनी, कोपरं बरगड्यांना रुतली. विमान धावत राहिलं, आणि मला वाटायला लागलं की ते असंच धावत राहील. मग नाक आपल्या वजनानं खाली आलं. वाकडं चाक आत गेलं, पंखा डांबरावर घासला, ठिणग्या उडाल्या, विमान डावीकडं वळून धावपट्टीवरून उतरलं आणि वाळक्या गवतात तिरपं होऊन थांबलं. सगळीकडं धूळ. पेट्रोलचा वास आला म्हणून मी आधी इंजिनाचं सगळं बंद केलं, मग सरांचा पट्टा सोडला. ते जिवंत होते. हे लिहून ठेवते, कारण पेपरात वेगळं आलंय. पेपरात आलं की सर हवेतच गेले आणि मुलीनं मृतदेह शेजारी घेऊन विमान उतरवलं. खोटं आहे ते. अग्निशमनवाल्यांनी त्यांना उचललं तेव्हा त्यांनी डोळे उघडले होते आणि उन्हानं परत मिटले. मी रुग्णवाहिकेत त्यांच्याबरोबर होते. दवाखान्याचं फाटक ओलांडलं, त्यानंतर ते गेले. तू विमानतळावर उतरलीस तोवर संध्याकाळ झाली होती.

मग गावात माझा उदो उदो सुरू झाला. पैठणला चौकात माझा फोटो लागला, कुणी सत्काराला बोलवायला आलं. बाप त्यांना म्हणाला, "पोरीचा गुरू गेलाय, अन् तुमाला हार घालायचेत व्हय?" आणि त्यानं स्वतः जाऊन तो फलक उतरवून आणला. आता मेंढरांच्या कोकरांवर सावलीला तो बांधलाय. मी चार दिवस तिकडं होते. जेवत नव्हते. बाप मेंढरांच्या वाड्याबाहेर बसून म्हणाला, "त्या मानसानं तुला वर नेलं अन् खाली बी आणलं. आता तू इमान सोडू नको." आमच्याकडं विमानालाही इमानच म्हणतात. त्याला कुठलं म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही, पण परत आले.

चौकशीचे साहेब आले होते दोन. चांगले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, माझा वेग, माझी घाई, मी दाबलेलं नाक, पुढं झालं तेही. मागच्या आठवड्यात दुसऱ्या शिक्षकांबरोबर मी पहिल्यांदा परत वर गेले. धावपट्टी समोर आली आणि माझे हात सुकाणूवरून आपोआप निघाले. त्यांनी उतरवलं, मी रडले, आणि त्यांनी खिडकीबाहेर बघण्याचा भलेपणा केला. शुक्रवारी पुन्हा गेले. या वेळी मी उतरवलं. वाईटच उतरवलं, पण दुसरी उसळी झाली नाही. खाली आल्यावर मला आधी काकूंना सांगावंसं वाटलं आणि नंतर लाज वाटली. काकूंनी मात्र विचारलंच नाही. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा कुकर लावलेला होता.

आता तो फेरा. त्या संध्याकाळी दवाखान्यातले डॉक्टर काकूंना म्हणाले होते, "पाच-दहा मिनिटं आधी आणलं असतं तर कदाचित." काकूंना ते ऐकूच गेलं नाही बहुतेक, पण तू त्यांच्यामागं उभी होतीस आणि मी तुझ्यामागं. आमचा फेरा तेवढाच असतो, थोडा इकडे-तिकडे. मी जागची हलू शकले नाही असं वर लिहिलंय ते शब्दशः खरं आहे. दुसऱ्या उसळीला माझा हात दट्ट्यावर होता आणि तो गोठला होता. त्यावर सरांचा हात आला. सीट मागं होती, म्हणून त्यांना पट्ट्यात ताणून, अंगच्या सगळ्या बळानं पुढं यावं लागलं. त्यांनी माझ्या हातासकट दट्ट्या पूर्ण पुढं ढकलला आणि विमान वेग धरून स्थिर वर जाईपर्यंत हात काढला नाही. तो हात थंडगार आणि ओला होता. मी ओरडले, "सर, खाली जायचंय! तुम्हाला दवाखान्यात न्यायचंय!" ते मागं पडले, श्वास जमवला आणि म्हणाले, "आधी तू." एवढंच. ते वेदनेत होते पण भानावर होते, तनू. त्या फेऱ्याला किती वेळ लागतो ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि तिसऱ्यांदा आपटलो असतो तर काय झालं असतं, हेही त्यांनाच माहीत होतं. मी हे काकूंना सांगितलेलं नाही. गेलेल्या माणसाच्या हातावर आपला भार टाकतेय असं वाटायचं. आणि खरं सांगू, त्यांनी स्वतः ठरवलं हे कळल्यावर काकूंना बरं वाटेल की आणखी तुटतील, हे मला कळत नाही. ते तू ठरव. तू त्यांची मुलगी आहेस.

तेराव्याला, पाहुणे उठल्यावर, तू ओट्यापाशी भांडी पुसता पुसता मला विचारलंस, "पहिल्यांदाच का नाही उतरवलंस?" मी "जमलं नाही" म्हणाले. तू फडकं ठेवून आत गेलीस आणि दुसऱ्या दिवशी बंगळुरूला निघून गेलीस. तेव्हा अर्धंच उत्तर दिलं होतं, बाकीचं आत्ता वर लिहिलं. पण नुसतं उत्तर द्यायचं असतं तर एक ओळ पुरली असती. मी पत्र लिहिलं ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी, जी मी चौकशीच्या साहेबांनाही सांगितली नाही, कारण ती त्यांच्या कामाची नव्हती. शेवटच्या वळणावर, दुसऱ्यांदा धावपट्टी समोर आली तेव्हा, सरांचं भान सुटायला लागलं होतं. त्यांचं बोलणं जड झालं होतं. ते म्हणाले, "नाक वर धर, तनू." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग चाकं टेकेपर्यंत ते तेच म्हणत राहिले, हळू, लहान मुलाला सायकल शिकवतात तसं. "धर, तनू. धर. घाबरू नको, मी आहे." मी त्यांना सांगितलं नाही की मी तू नाही. मी म्हणाले, "हो बाबा." ते ऐकून त्यांनी मान सीटला टेकवली. त्या दिवसापासून ते बोलणं माझ्यापाशी पडून होतं, आणि ते माझं नव्हतं. तुझं होतं, म्हणून लिहिलं.

तुझीच,
अंबी